ड्राय फ्लाय बुडते, कलंडते, टिपेट पिळते: कोकणात बांधलेल्या फ्लायचं निदान

ड्राय फ्लाय म्हणजे ट्राउट मासा गरवायला गरीवर दोरा-पिसांनी बांधलेला, पाण्यावर तरंगणारा खोटा किडा. मार्च उजाडला की तिच्याबद्दल एक तक्रार ठरल्यासारखी कानावर येते. "घरी परातीत मस्त तरंगत होती हो, तीर्थनला नेली तर दोन खेपांत खाली." सांगणारा कधी चिपळूणचा, कधी रत्नागिरीचा, कधी कुडाळचा. फ्लाय बांधलेली पडवीत, पावसाळ्याच्या रिकाम्या संध्याकाळी, पागोळ्या गळत असताना. वापरायची मात्र हिमाचलात, तीर्थन नदीच्या बर्फ वितळून आलेल्या पाण्यात. आणि उपाय सगळ्यांनी एकच केलेला असतो: आणखी थोडं फ्लोटंट, म्हणजे फ्लाय तरंगती ठेवणारं जेल किंवा तेल, चोपडलं. मग ती जास्तच लवकर बुडली.

फ्लोटंट हे शेवटचं औषध. आधी फ्लाय बिघडते कशी ते बघायचं. शेपटीकडून बसते, नाकावर पडते, कुशीवर लोळते, गरगरते, की नीट तरंगत असताना कुणीतरी ओढल्यागत खाली जाते? प्रत्येकाचं मूळ वेगळ्या ठिकाणी आहे. आणि त्यातली बरीच मुळं आपल्या दमट हवेत आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात आहेत, हे हिमाचलातला किंवा परदेशातला जाणकार तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याला ते सोसावंच लागत नाही.

एक गोष्ट आधीच उरकतो, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच: आपल्याकडे ट्राउट नाही आणि होणारही नाही. ट्राउटला पाणी साधारण 10 ते 16 अंश लागतं, 20 च्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. कोयनेचं अवजल वर्षभर येतं म्हणून वाशिष्ठीत ट्राउट सोडता येईल, असं चिपळुणात कुणी ना कुणी बोलून दाखवतो. ते अवजलही ट्राउटच्या हिशेबाने कोमटच. ट्राउट मुळात भारतातलाही नाही. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास तो काश्मीरात रुजवला आणि तिथून 1909 मध्ये कुल्लूकडे नेला. आपण फ्लाय इथे बांधायची, हात इथे ओढ्यावर बसवायचा आणि मासा तिकडे गाठायचा.

खाली जे लिहिलंय ते क्विल गॉर्डन डोळ्यासमोर ठेवून. जुन्या पद्धतीची फ्लाय, मेफ्लाय नावाच्या नदीवरच्या नाजूक किड्याची नक्कल: मोरपिसाच्या सोललेल्या काडीचं अंग, बदकाच्या रेघांच्या पिसाचे उभे पंख, राखी कोंबड्याचं हॅकल, म्हणजे केस उभे राहतील असं गरीभोवती गुंडाळलेलं मानेचं पीस. इंग्लंडात हॅलफर्डने संथ, काचेसारख्या प्रवाहांसाठी तरंगत्या फ्लाय 1880 च्या दशकात पक्क्या केल्या. त्याने 1890 मध्ये अमेरिकेत थिओडोर गॉर्डनला नमुने पाठवले. तिथल्या कॅट्सकिल डोंगरांतल्या खळाळत्या नद्यांत त्या टिकेनात, म्हणून गॉर्डनने ताठ आणि विरळ हॅकलची आपली घडण काढली. तीर्थनचं पाणीही दगडाधोंड्यांतून उड्या मारत येणारं, त्यामुळे ही जात तिकडे चालते. लाइट काहिल किंवा अॅडम्स बांधत असाल तरी निदान तेच.

आधी परातीची परीक्षा नीट घ्या

परातीत तरंगली याला फारसा अर्थ नाही. परातीत पाणी हलत नाही आणि फ्लायला दोरा बांधलेला नसतो. उलट परातीत बुडली म्हणून फ्लाय वाईट, असंही नाही. भांडी घासायच्या साबणाचा पुसटसा अंश राहिला तरी पाण्याच्या पृष्ठावरचा ताण कोसळतो आणि उत्तम बांधलेली फ्लायही दगड बांधल्यागत जाते. परात नुसत्या पाण्याने चार वेळा खळखळून घ्या, शक्यतो काचेचं पसरट भांडं घ्या म्हणजे बाजूने दिसेल. थंड पाण्याचा पृष्ठताण कोमट पाण्यापेक्षा किंचित जास्तच असतो, तेव्हा "तिकडचं पाणी थंड म्हणून बुडली" हे कारण खोटं.

फ्लोटंट न लावता वीतभर उंचीवरून सोडा. ती शेपटीच्या टोकांवर आणि हॅकलच्या टोकांवर उभी राहिली पाहिजे. गरीचा बाक पाण्याला टेकलाच तर जेमतेम. आता भांड्याला हलकेच धक्का देऊन पाणी डुचमळू द्या. इथे जी तऱ्हा दिसेल तीच नदीवर दिसणार आहे.

शेपटीकडून बसते

सगळ्यात जास्त हेच. बाक आणि टोक हा गरीचा जड भाग, आणि त्याला पाण्यावर उचलून धरणारी एकटी शेपूट. शेपटीचे केस मऊ असले की संपलं.

पहिला प्रश्न गरीचा. खाडीत गरवायला मिळतात त्या गऱ्या 14 नंबरच्या असल्या तरी जाड तारेच्या असतात, आणि त्यांवर काहीही बांधलं तरी ते तरंगणार नाही. ड्राय फ्लायची गरी बारीक तारेची, वेगळी मागवावी लागते. इथे काटकसर नको.

दुसरा प्रश्न पिसाचा, आणि इथे थोडं थांबायला हवं. गावठी कोंबड्याचं पीस वापरणारे आपल्याकडे पुष्कळ, आणि ते चांगलंच आहे. हिंदुस्थानी कोंबड्याची मान बाहेरच्या देशांतसुद्धा फ्लाय बांधणाऱ्यांना स्वस्तातला माल म्हणून ठाऊक आहे. पण राखणीचा किंवा रविवारच्या रश्श्याचा कोंबडा बहुधा सहा-आठ महिन्यांचा असतो. त्याचं पीस दिसायला चमकदार, पण केस लेचेपेचे. वर्ष उलटलेल्या, झुंजार कोंबड्याची मान हवी. तलंगेचं पीस तर घेऊच नका, ते पाणी पिण्यासाठीच जन्माला आलेलं असतं, बुडत्या फ्लायला ठेवा.

मानेवरचं एक पीस उपटून उजेडासमोर धरा. मधल्या काडीला लागून खालच्या बाजूला एक मंद, पिंजलेला पट्टा दिसेल, जिथे केस एकमेकांत गुंतलेले असतात. त्याच्या बाहेर केस सुटे, चकचकीत. तो पट्टा जेवढा रुंद आणि वर चढलेला, तेवढं पीस नालायक. ड्राय फ्लायला फक्त वरचा चकचकीत भाग. खालचा पट्टा निर्दयपणे सोलून टाकायचा. सोलल्यावर हातात काही उरलंच नाही तर ते पीस आपलं नव्हतं.

शेपटीसाठी मात्र मधलं पीस नको. मानेच्या कातडीच्या दोन्ही कडांना आखूड, रुंद, टोकाला बोथट अशी पिसं असतात. त्यांचे केस सगळ्यात ताठ. आठ-दहा केस एकत्र धरून टोकं जुळवा, लांबी गरीच्या दांड्याएवढी. बांधताना शेवटचा वेढा जरा सैल ठेवा. करकचून आवळला की केस चहूकडे फिस्कटतात आणि निम्मे खाली वळून पाण्यात घुसतात. फिस्कटलेली शेपूट वरून बघितली तर भरगच्च वाटते. बाजूने बघा.

ताठपणा ओठावर तपासायची जुनी पद्धत आहे: केसांची टोकं खालच्या ओठावर दाबायची, टोचली तर ठीक. ही परीक्षा जुलैत घेऊ नका. पीस हवेतली ओल ओढून घेतं आणि जरा नरमतं. मार्चमध्ये टोचणारी मान जुलैत टोचणार नाही, आणि तुम्ही चांगली मान टाकून द्याल.

नाकावर पडते, किंवा बोटांवर उभी राहून लडखडते

दोन्हीकडे माप चुकलंय, फक्त उलट दिशांनी. हॅकलचे केस गरीच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडा यांमधल्या अंतराच्या, दीडपट असावेत. फार तर पावणेदोनपट. त्याहून आखूड झाले तर पुढची बाजू खचते आणि फ्लाय नाक पाण्यात घालून बसते. लांब झाले तर ती उंच चढते आणि वाऱ्याच्या पहिल्या झुळुकीला आडवी होते. पाकिटावरच्या नंबरावर जाऊ नका. पीस गरीभोवती वाकवून केस उभे करा आणि डोळ्याने मापा.

नाकावर पडण्याचं आणखी एक कारण म्हणजे हॅकल फार मागे गुंडाळलेलं असणं. पंख दांड्याच्या पुढच्या एक तृतीयांशावर, त्यांच्या मागे तीन वेढे, पुढे दोन किंवा तीन, आणि गरीच्या डोळ्यामागे, म्हणजे दोरा ओवायच्या भोकामागे, थोडी मोकळी जागा. पिसाची चकचकीत बाजू पुढे. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून पण त्याच्यावर न चढता. पुढचे वेढे घालताना पीस किंचित डोलवत नेलं की आधीचे केस दबत नाहीत. कुणाची फ्लाय हातात घेतली की मी पहिल्यांदा हेच भिंगातून बघतो. बऱ्याचदा दिसतं ते असं: मागचे दोन वेढे सुबक, मग पंखांजवळ घाई, पुढचे केस मागे झोपलेले, आणि डोकं एवढं गच्च की डोळ्यात वार्निश शिरलंय. ही फ्लाय तरंगणार नाही असं नाही, पण ती सरळ बसणार नाही.

जास्त वेढे म्हणजे जास्त तरंगणं, असा एक समज आहे. संथ पाण्यात तो नडतो, कारण गच्च हॅकल पाणी धरून ठेवतं आणि दोन फेऱ्यांत वाळत नाही. गॉर्डनची फ्लाय बघायला भिकारडी वाटावी एवढी विरळ असते.

कुशीवर लोळते, टिपेट पिळते

हे पंखांचं काम. पंख म्हणून जे अमेरिकी बदकाचं पीस सांगतात ते इथे नसतं, तर नर बदकाच्या कुशीचं रेघांचं राखाडी पीस कांद्याची टरफलं उकळलेल्या पाण्यात घातलं की रंग जवळपास तोच येतो. पंखांची लांबी दांड्याएवढी. जुडगा उभा करून दोन सारखे भाग करा, आठाच्या आकड्यात दोरा फिरवा. एक पंख दुसऱ्यापेक्षा जाड किंवा कलता राहिला की फ्लाय हवेत गरगरते आणि प्रत्येक कास्टला, म्हणजे फेकीला, टिपेटला (फ्लायला बांधलेल्या टोकाच्या बारीक दोऱ्याला) पीळ देते. थोड्या वेळाने टिपेट हातात घेतलंत तर ते स्वतःभोवती गुंडाळायला बघतं.

नदीवर उपाय एकच: पंख कात्रीने मुळापासून उडवा. पंखांचं कौतुक बांधणाऱ्यांना असतं, माशाला फारसं नाही. पीळ काढायला फ्लाय सोडून नुसतं टिपेट वाहत्या पाण्यात खाली सोडून धरा, थोड्या वेळात आपोआप उलगडतं.

पंख सारखे असूनही पीळ पडत असेल तर टिपेट फार बारीक आहे. ढोबळ हिशेब असा की गरीच्या नंबराला तीनाने भागायचं: 12 ला 4 एक्स, 14 किंवा 15 ला 5 एक्स (एक्स हे टिपेटच्या जाडीचं माप, आकडा मोठा तेवढं बारीक). 4 एक्स साधारण 0.18 मिलिमीटर, 5 एक्स 0.15.

आता आपल्या हवेचे प्रताप

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या एका पोराने फ्लाय आणून दाखवली. "काका, ही बघा, हिला बुरशी आली." भिंगाखाली धरली तर हॅकलच्या मुळाशी आणि मोरपिसाच्या काडीवर पांढुरकी, पिठूळ साय. बुरशी नव्हे, सुपरग्लू. त्याने डोकं सुपरग्लूने बंद केलं होतं. दमट हवेत तो गोंद झपाट्याने सुकतो आणि त्याची वाफ आजूबाजूच्या केसांवर पांढरी बसते. ते केस खडबडीत होतात, एकमेकांना धरतात, पाणी धरतात. पावसाळ्यात ड्राय फ्लायवर सुपरग्लू नकोच. वार्निश लावायचं तर सुईच्या टोकावर मावेल एवढं. तेही काही जातींचं ओल्या हवेत दुधाळ पडतं. ते दिसायला वाईट, पण तरंगण्याला त्याचा त्रास नाही. त्रास होतो तो वार्निश केसांत उतरलं तर.

दुसरा घोटाळा वाळवणाऱ्या पुडीचा. मासा लागल्यावर फ्लाय ज्या पांढऱ्या पुडीत घालून हलवतात, तिच्यात पाणी शोषणारी सिलिका असते. ती डबी पावसाळाभर अर्धवट झाकण लावून पडवीत राहिली की पुडी इथली हवा पिऊन तिथे जायच्या आधीच तृप्त. मग तीर्थनवर तुम्ही ओल्या फ्लायला ओली पूड लावता. डबीत रंग बदलणारे दाणे असतील तर बघा: निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवे झाले असतील तर ते भरले. नुसते सिलिकाचे दाणे 110 ते 120 अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा कोरडे होतात. हे काम स्वयंपाकाच्या भांड्यात करू नका. तयार पुडीची डबी मात्र नवीनच घ्या आणि मंगला एक्सप्रेसमध्ये बसेपर्यंत फोडू नका.

पिसांना दोन शत्रू, ओल आणि कसर. मान नीट खरवडून, चरबी काढून, कातडीला टाकणखार चोळून सुकवलेली असावी. बाहेरून आणलेली मान घट्ट पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरला ठेवा, किडे-अंडी मरतात. डांबरगोळ्या घालणार असाल तर प्लास्टिकच्या पारदर्शक कडक डब्यात नको. त्या गोळ्यांच्या वाफेने तसलं प्लास्टिक चिकट होऊन विरघळतं, आणि पिसं त्याला चिकटून बसतात. पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, पापडाला ठेवतो तसला डबा सगळ्यात बरा, आत सिलिकाच्या पुड्या. आगोटीच्या कामांत हे एक काम धरा. ऊन द्यायचं तर सावलीतलं. रंगवलेली पिसं वैशाखाच्या उन्हात विटतात.

गरीचा गंज बाहेरून दिसतो त्याच्या आधी आत धरतो. बांधताना बोटांचा घाम गरीवर राहतो, त्यात मीठ, वर दोरा आणि अंग. गंज धरलेली गरी खरखरीत होते, तिच्यावरून अंगात ओल शिरते आणि मासा लागला की बाकावर मोडते. बांधण्याआधी हात धुवा, गरी चिमट्याने उचला. मासळी साफ करून तसेच व्हाइसवर (गरी धरायच्या शिकंजावर) बसणारे लोक मला ठाऊक आहेत, त्यांना वेगळं काय सांगणार.

मोरपिसाचं अंग पाणी शोषत नाही, म्हणूनच ते मला आवडतं. मोरपिसाच्या डोळ्याजवळचा केस घ्या, तिथल्या काडीवर गडद-फिकी धार असते. खोडरबराने टोकाकडून मुळाकडे घासलं की लव निघते. काडी नाजूक, तेव्हा खाली दोऱ्याचा गुळगुळीत पाया आणि वर वार्निशचा पातळ हात. पीस आपोआप झडलेलंच हवं; मोर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे आणि मोरपिसं देशाबाहेर न्यायला बंदी आहे. त्याच कायद्याखाली सह्याद्रीतला रानकोंबडाही येतो. त्याच्या मानेच्या पिसांना बाहेर मोठी मागणी असे, म्हणून कुणी तुम्हाला "वाडीत एक सापडलाय" म्हणून दाखवलं तर हात लावू नका.

अंगासाठी मोरपीस न वापरता सुती दोरा गुंडाळलेला दिसला, तर पुढे काही तपासूच नका. सूत पाणी पितं.

तेल आणि जेल

खोबरेल तेल लावणारे भेटतात. जुन्या काळी पॅराफिन लावत, तेव्हा कल्पना वेडी नाही, आणि इथल्या ओढ्यावर ते चालतंही. पण खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली थिजतं. तीर्थनच्या पाण्यात ते हॅकलवर पांढऱ्या कणांनी गोठतं, केस जुडग्याजुडग्याने चिकटतात आणि फ्लाय ओल्या कोंबड्यागत दिसते.

सिलिकॉनच्या जेलचं उलट. मे महिन्यात इथे ते पाण्यासारखं पातळ होतं, बाटली दाबली की भळकन येतं, आणि गरजेपेक्षा जास्त लागतं. जेल एक थेंब, तोही बोटांच्या पेरांवर चोळून जवळजवळ नाहीसा केल्यावर, कोरड्या फ्लायला. तिकडे थंडीत ते घट्ट होतं, तेव्हा बाटली आतल्या खिशात ठेवा. एकदा फ्लाय भिजल्यावर वर जेल लावलंत तर ओल आत कोंडली. भिजलेली फ्लाय आधी पाण्यात खळबळून माशाचा बुळबुळीतपणा काढायचा, पंचाच्या कोपऱ्यात दाबून टिपायची, मग पूड, मग दोन-तीन वेळा हवेत झटकायची. तरीही बुडत असेल तर बदला. दिवसभर एकच फ्लाय चालवण्यात शौर्य नाही.

गाडीच्या प्रवासात बॉक्समध्ये चेपलेलं हॅकल मात्र सुधारतं. किटलीच्या वाफेवर चिमट्याने दोन-तीन सेकंद धरा, केस आपसूक उठतात. मग पूर्ण वाळू द्या.

फ्लाय चांगली आहे, तरी खाली ओढली जाते

परातीत सगळं ठीक आणि नदीवर बुडते, असं असेल तर आता फ्लायला सोडा. दोऱ्याकडे वळा.

खाडीवर जी फ्लोटिंग लाइन, म्हणजे रिळावरचा जाड तरंगता दोरा, वापरली तीच तिकडे नेलीत का? खाऱ्या पाण्याचं मीठ, चिखलाची साय, सनस्क्रीन, सगळं लाइनच्या टोकाच्या दोन-तीन मीटरवर बसतं आणि ते टोक तरंगायचं सोडतं. टोक बुडालं की लीडर (लाइन आणि टिपेट यांना जोडणारा दोरा) बुडतो, लीडर बुडाला की फ्लाय. गोड्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने फडक्यातून ओढून घ्या, साबण पूर्ण निघेपर्यंत पुन्हा साध्या पाण्यातून. शिवाय उष्ण हवेसाठी बनवलेली लाइन थंड पाण्यात तारेसारखी कडक होते, तिची वेटोळी सुटत नाहीत, आणि प्रत्येक वेटोळं फ्लायला मागे खेचतं. उलट थंड पाण्याची लाइन आपल्या मे महिन्यात लिबलिबीत होऊन चिकटते. दोन लाइनी ठेवणं परवडत नसेल तर तीर्थनसाठी थंडीची घ्या आणि इथला सराव पहाटे करा.

टिपेट कशाचं आहे? खाडीवाल्यांच्या पिशवीत बहुतेक फ्लुरोकार्बन सापडतं. ते नायलॉनपेक्षा खूप जड, बुडणारं. बारीक ड्राय फ्लायला ते हळूहळू खाली नेतं. नायलॉन घ्या, आणि रीळ खिडकीत पडलेलं नको, उन्हाने त्याची ताकद जाते.

टिपेट पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगलं तर संथ जागी त्याची सावली आणि चमक माशाला दिसते. फ्लायजवळचं हातभर टिपेट पापुद्र्याखाली जायला हवं. मुलतानी माती, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि थोडं ग्लिसरीन मळून गोळी करा, ती टिपेटवरून ओढा. फ्लायपासून लांब ठेवा. साबण हॅकलला लागला तर परातीत जे झालं तेच इथे होईल.

मग कास्ट. खाडीत वाऱ्याविरुद्ध जोर लावायची सवय असलेले हात तीर्थनवर फ्लाय पाण्यावर आपटतात. नेम पाण्यावर नको, पाण्याच्या हातभर वर धरा, म्हणजे लाइन हवेत सरळ होऊन मग सगळं अलगद खाली येतं. तीर्थनवर दगडांमागच्या छोट्या संथ चकत्यांत मासा असतो आणि तुमच्या आणि त्याच्या मध्ये वेगवान पाण्याची एक जीभ असते. लाइन त्या जिभेवर पडली की दोन क्षणांत तिचा पोटफुगा तयार होतो आणि फ्लाय बोटीमागे बांधल्यागत पळते, मागे रेघ उठवते, मग बुडते. यावर फ्लोटंट काय करणार? जवळ जा, लाइन थोडकी बाहेर काढा, रॉडचं टोक उंच धरून लाइन पाण्यापासून उचललेली ठेवा. कास्टच्या शेवटी रॉड प्रवाहाच्या वरच्या बाजूला कलता केला तर आणखी काही क्षण मिळतात, आणि मासा घ्यायचा तर तेवढ्यातच घेतो.

हे आपल्या ओढ्यावरही शिकता येतं. भाद्रपदानंतर पाणी निवळलं की बोटभर मासे बारीक, गरीचा उलटा काटा दाबलेल्या फ्लायवर तुटून पडतात. ओढलेल्या फ्लायकडे मात्र फिरकतही नाहीत. कोंडाच्या कडेला बसून फक्त बघा, कुठली खेप त्यांनी सोडली. वालणकोंडासारख्या देवाच्या डोहावर अर्थातच नाही.

मासा वर येतो, बघतो आणि परततो

हा बुडण्याचा प्रश्न नाही, पण यावर लोक फ्लाय बदलत बसतात म्हणून थोडक्यात. आधी ओढ तपासा, मग आकार. एक माप लहान (म्हणजे मोठ्या नंबरची) फ्लाय लावा. तेही नाही तर हॅकलचे खालचे केस कात्रीने उलट्या व्हीच्या आकारात छाटा, म्हणजे अंग पापुद्र्यावर टेकतं, जसं नुकतीच कात टाकून पंख वाळवत बसलेल्या मेफ्लायचं टेकतं. नदीतला एखादा चपटा दगड उलटून त्याखालच्या अळ्या बघा. अंग चपटं, दगडाला घट्ट धरून बसलेलं आणि रंग राखाडी-तपकिरी असेल तर क्विल गॉर्डन जागेवर आहे. हिरवट, चपळ, पोहणाऱ्या बारीक अळ्याच दिसल्या तर 16-18 नंबरची हिरवट फ्लाय लावा, राखीचा हट्ट नको.

परवाना मत्स्य विभागाकडून आधी घ्या. 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर तिकडे ट्राउटला बंदी असते, अंडी घालायचा काळ. परत येताना ओल्या फ्लाय बॉक्समध्ये बंद करून आणू नका. खोलीवर रात्रभर बॉक्स उघडा ठेवा, आणि घरी पोचल्यावर पडवीत नको, माजघरातल्या त्या पत्र्याच्या डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसकट. मृगाच्या आधी एकदा उघडून गऱ्यांच्या बाकावर नख फिरवा. खरखर लागली ती फ्लाय कापून पंख-पिसं वाचवा आणि गरी फेका.